बार उडाला, पण मागे काय राहिले?

मंडळी, बर दुबईतल्या घरी भारतातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. मीना बाजारात खरेदी, अब्रात बसून खाडीची एक फेरी आणि उन्हे कलली की अल फहिदी किल्ला. १७८७ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला दुबईतील सर्वांत जुनी वास्तू मानला जातो. १९७१ साली तेथे संग्रहालय सुरू झाले. पुढे ते नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले. त्याआधी मी माझ्या भाचीला तेथे घेऊन गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. किल्ल्याबाहेरच्या तोफेच्या तोंडात डोकावून तिने विचारले, "मावशी, ह्यात गोळा घालायचे दार कुठे आहे?"

मी तिला सांगितले की ह्या तोफेला दार नसते. तोंडातूनच दारू घालायची, तोंडातूनच गोळा घालायचा, दांड्याने घट्ट ठासायचे आणि मागच्या बाजूला जो बारीक 'कान' असतो तेथे बत्ती द्यायची. म्हणून ही ठासणीची तोफ. तिचा पुढचा प्रश्न असा होता, "मग आतला कचरा कसा काढायचे?"

वाचकहो, दहा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा कोणी विचारत नाही. तोफ कोणी ओतली, कोणी डागली, किती कोसांवर गोळा पडला हे सगळे आपण वाचतो. पण बार उडाल्यावर नळीत काय उरले आणि ते कोणी साफ केले, ह्याची नोंद क्वचितच असते. ठासणीच्या हत्याराचे आयुष्य मात्र त्यावरच अवलंबून असे. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, इतिहासाची नव्हे. तरीही ह्या विषयावर चार ओळी लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण ह्यातला पहिला धडा मला प्रयोगशाळेत नव्हे, तर घरच्या मागील दारी मिळाला.

आजोबांचे आधण

आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळपासून थोडे आत. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी ठासणीची बंदूक होती. कोकणात अशा बंदुका पुष्कळ घरांत असत आणि आजही काही घरांत आहेत. रानडुकरे एका रात्रीत भाताचा तुकडा लोळवून जातात, माकडे नारळ सोडत नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्यातसुद्धा पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

बार काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा चुलीवर पाण्याचे आधण ठेवायला सांगत. नळी दस्त्यापासून सोडवायची, कढत पाणी तोंडातून ओतायचे, गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायचे. पहिले पाणी शाईसारखे काळे येई आणि सडक्या अंड्याचा वास सुटे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चाले. मग कोरडी चिंधी, मग ऊन आणि शेवटी तेलाचा हात.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. नवे नवे शिकलेले ओठांवर होतेच. मी म्हटले, "आजोबा, लोखंडावर पाणी ओतता? गंजेल ना! नुसते तेल लावा." त्यांनी मान वरही केली नाही. "मीठ पाण्यान जाता गो, तेलान नाय," एवढेच म्हणाले. हे वाक्य किती अचूक आहे ते मला पुढे समजले, तोवर मला एम.एस्सी. व्हावे लागले.

दारूचे गणित

काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक. वजनाने साधारण ७५, १५ आणि १० असे प्रमाण. शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तो प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो आणि गंधकामुळे दारू लवकर पेट घेते. आपली समजूत अशी की बार उडाला म्हणजे सगळ्याचा धूर झाला. तसे होत नाही. एकोणिसाव्या शतकात नोबल आणि एबल ह्या दोन ब्रिटिश संशोधकांनी बंद पोलादी भांड्यात दारू जाळून मोजमाप केले. त्यात वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचा वायू झाला आणि ५५ टक्क्यांच्या आसपास भाग घन स्वरूपात राहिला. म्हणजे १०० ग्रॅम दारूमागे सुमारे ५५ ग्रॅम क्षार! त्यातला बराच दाट पांढऱ्या धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो.

हे क्षार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट आणि पोटॅशियम सल्फाइड. त्यातले कार्बोनेट फार पाणीओढे. हवेतली आर्द्रता ४३ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. आता कोकणातला आषाढ आठवा, नाही तर आपल्या बर दुबईतली ऑगस्टमधली खाडीकाठची संध्याकाळ, चष्म्याची काच पुसून पुसून हात दुखतात ती. अशा हवेत न धुतलेली नळी म्हणजे आतून ओले फडके गुंडाळून ठेवलेले लोखंड. सल्फाइडला पाणी लागले की सडक्या अंड्याचा वास येतो. आजोबांच्या काळ्या पाण्याला येणारा वास तोच. भरीस भर म्हणजे शोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यात साधे मीठही असते. जुन्या पद्धतीच्या केपांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे, त्याचे जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड होते. तेही मिठाचेच भावंड, लोखंडाचे तितकेच वैरी.

हे सगळे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. न धुता तेल लावले तर क्षार तेलाखाली सुखरूप राहतात आणि आपले काम करत बसतात. पाणी कढत घ्यायचे कारणही सोपे आहे. क्षार लवकर विरघळतात आणि तापलेली नळी आपोआप झटकन सुकते. आधी पाणी, मग कोरडे, मग तेल. हा क्रम चुकला की सगळे चुकले.

नळी झिजते ती चार वाटांनी

पहिली वाट गंजाची. लोखंडात आधी टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडतात, मग ते वाढून नळीचा आतला भाग मधाच्या पोळ्यासारखा होतो. अशा खळग्यात जळती ठिणगी अडकून राहिली आणि वरून नवी दारू ओतली, तर बार भरणाऱ्याच्या हातातच उडतो. म्हणूनच तोफेवर प्रत्येक बारानंतर ओल्या चिंध्या किंवा लोकर बांधलेला दांडा आतून फिरवणे हे सैन्यात एका माणसाचे नेमून दिलेले काम असे.

दुसरी वाट कानाची. बत्ती दिल्यावर आतला तप्त वायू गोळ्याला पुढे ढकलतो, तसाच तो कानातूनही जोराने बाहेर येतो आणि दर वेळी भोक थोडे थोडे खातो. भोक मोठे झाले की जोर वाया जातो आणि बत्ती देणाऱ्याचा चेहरा भाजतो. ह्यावर उपाय म्हणून कानात तांब्याची पुंगळी बसवत आणि ती झिजली की बदलत. शत्रूची तोफ निकामी करायची तर कानात खिळा ठोकत, कारण तोफेचा जीव ह्या एवढ्याशा भोकात असतो.

तिसरी वाट गोळ्याची आणि उष्णतेची. तोफेच्या पंचरशी धातूला, म्हणजे तांबे आणि कथील ह्यांच्या मिश्रणाला, गंज लागत नाही. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ओतली गेली. सुमारे ५५ टन वजनाची ती तोफ उन्हापावसात अजून धडधाकट आहे. मात्र हा धातू लोखंडापेक्षा मऊ. लोखंडी गोळा आत आपटत आपटत जातो तेव्हा त्याला पोचे पडतात. तोफ फार तापली तर कथिलाचा अंश जास्त असलेले कण कानाजवळ वितळून निघतात आणि नळी चक्क वाकते. ओतीव लोखंडाची तोफ उष्णता सोसते, पण गंजते, आणि फुटायची झाली तर पूर्वसूचना न देता ठिकऱ्या उडवते. दोन्हीपैकी कुठलाही धातू घेतला तरी काळजी चुकत नाही, फक्त काळजीचा प्रकार बदलतो.

चौथी वाट गमतीची आहे. ती म्हणजे अति काळजी! ब्रिटिश शिपायांना बंदुकीची नळी आरशासारखी चकचकीत ठेवण्याचा हुकूम असे. ते विटेच्या भुकटीने रोज घासत. हत्यार चमकत असे, पण नळी मात्र पातळ होत जाई. देव्हाऱ्यातल्या पितळी मूर्तीचे नाकडोळे चिंच-राखेने घासून घासून गुळगुळीत झालेले आपण पाहतोच. लोखंडी गज नळीच्या तोंडाला रोज एकाच बाजूने घासला तरी तेथली कड झिजते आणि नेम बिघडतो. शेवटी गोळीला दिशा मिळते ती नळीच्या तोंडाशीच.

धारवाडची विडी-तंबाखू

आता मूळ मुद्द्याकडे येते. टिपूविरुद्धच्या युद्धात सप्टेंबर १७९० मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. त्यांच्या मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी होती आणि तिच्यात एडवर्ड मूर नावाचा तरुण अधिकारी. १७९४ साली मूरने लंडनमध्ये ह्या मोहिमेवर ग्रंथ छापला. त्यातले मराठी तोफखान्याचे वर्णन पुढे इतिहासकारांनी वारंवार उचलले. तो सांगतो की मराठे एक तोफ भरतात, मग मोर्चावरची सगळी मंडळी खाली बसून अर्धा तास गप्पा मारतात, धूम्रपान करतात, आणि मग ती डागतात. गोळ्याने भरपूर धुरळा उडाला की समाधान मानतात आणि पुन्हा गप्पांना बसतात. दुपारी एक ते तीन तर दोन्हीकडची तोफ सहसा वाजत नाही, कारण ती जेवणाची वेळ!

शाळेत असताना हे वाचून मला फार शरम वाटली होती. आपल्यापैकी अनेकांना वाटली असेल. पण नळीचे रसायन समजल्यावर मी ते वर्णन पुन्हा वाचले तेव्हा एक शंका आली. एका बारानंतर अर्धा तास थांबलेली तोफ थंड होते, आतल्या ठिणग्या विझतात, कान कमी खाल्ला जातो. तोफा जुन्या असतील, धातू मऊ असेल, तर भराभर मारा करणे म्हणजे आपल्याच हाताने आपली तोफ मारणे.

ह्याला इंग्रजांच्याच इतिहासात दाखला आहे. १८११ साली स्पेनमधील बादाहोस किल्ल्याला वेलिंग्टनने वेढा घातला, तेव्हा त्याच्याकडे एल्व्हास किल्ल्यातून आणलेल्या पोर्तुगीज बनावटीच्या जुन्या पंचरशी तोफा होत्या. त्यातल्या काही तर सतराव्या शतकातल्या. मारा सुरू झाल्यावर त्यांचे कान फाटले, तोंडे खाली वाकली. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा स्वतःच्या बारांनीच त्या जास्त निकामी झाल्या. नाइलाजाने माऱ्याचा वेग कमी करावा लागला आणि वेढा फसला. पुढच्या वर्षी ओतीव लोखंडाच्या तोफा आणल्या, तेव्हा कोठे बादाहोस पडले. म्हणजे मूरने ज्याला हसून लिहिले, तेच वीस वर्षांनी वेलिंग्टनच्या तोपचींना करावे लागले.

येथे मला घाईने "पाहा, आपले पूर्वज किती शहाणे!" असे म्हणायचे नाही. मराठे जाणूनबुजून नळी थंड करत होते असे मूर कोठेही म्हणत नाही, आणि जे लिहिलेले नाही ते वाचणे बरे नव्हे. शिवाय अर्ध्या तासाने एक गोळा टाकून तट पडत नाही. तेवढ्या वेळात किल्ल्यातले लोक भगदाड बुजवतात. धारवाड पडायला एप्रिल १७९१ उजाडला. सहा महिन्यांहून अधिक काळ गेला! माझे म्हणणे एवढेच की मूरने माणसे पाहिली, नळी पाहिली नाही. जी तोफ वेगाने चालवली तर मरते, तिच्याशेजारी बसलेला तोपची आळशी दिसणारच. खरा दोष त्या बसलेल्या माणसात शोधण्यापेक्षा, त्याच्या हाती चांगली ओतलेली तोफ, एका मापाचे गोळे आणि नळी राखणारी शिकलेली माणसे का नव्हती, ह्यात शोधावा.

ह्याचा पुरावा बारा वर्षांत मिळाला. उत्तरेत महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन ह्या फ्रेंच भाषक सरदाराला चाकरीत घेतले होते आणि सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली आग्र्याला तोफा ओतल्या जात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आताच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, शिंद्यांच्या ह्या तोफखान्याशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच पुढे वेलिंग्टन झाला. लढाई त्याने जिंकली आणि जवळजवळ शंभर तोफा घेतल्या, पण त्याची पंधराशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. हाती आलेल्या तोफांची त्याने स्वतः तारीफ केली. धारवाडला विडी ओढत बसणारे आणि असईला तोफेपाशी उभे राहून मरणारे, दोघेही मराठ्यांच्याच चाकरीतले. फरक पडला तो तोफेत, शिक्षणात आणि रोजच्या निगराणीत.

पुण्याच्या सुट्टीत सासवडजवळच्या सोनोरीला जाणे झाले तर मल्हारगड जरूर पाहा. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे ह्यांनी १७५७ ते १७६० ह्या काळात बांधलेला हा छोटा किल्ला. तेथे उभे राहून भाचीचा प्रश्न मनात आणावा. आतला कचरा कोण काढत होते? त्या माणसांची नावे आपल्याकडे नाहीत.

माळ्यावरची बंदूक

आता शेवटची गोष्ट, आणि हीच सांगण्यासाठी मी हा सगळा प्रपंच केला.

आजोबा गेले ते पावसाळ्यात. बंदूक माळ्यावर गेली. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवी होती. कायदा तसे स्पष्ट सांगतो. पण आज जाऊ, उद्या जाऊ करत सहा वर्षे गेली. दरम्यान मे महिन्याच्या सुट्टीत भावंडांची मुले माळ्यावर चढत, तीच बंदूक घेऊन चोर-शिपाई खेळत. आम्ही खाली आंबे कापत हसत असू.

अखेर काकांनी ती जमा करायचे ठरवले आणि आधी एका परवानाधारक कारागिराला दाखवली. त्याने प्रथम लाकडाची एक काठी हळूच नळीत सोडली, तोंडाशी बोटाने खूण केली आणि काठी बाहेर काढून नळीला लावून धरली. काठी केप बसवतात त्या जागेपर्यंत पोहोचायला हवी होती. ती चार बोटे अलीकडेच थांबली होती. नळी भरलेली होती.

मग काकूंना आठवले. आजारी पडण्याच्या आदल्या रात्री आजोबांनी डुकरांसाठी बार भरला होता. डुकरे आली नाहीत. ठासणीचा बार एकदा भरला की उडवल्याशिवाय सहज निघत नाही. सकाळी त्यांना ताप होता. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही न धुता नळी ठेवली नाही, त्याची शेवटची नळी भरलेली राहिली. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षांनी, शतकांनीही मरत नाही. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एक जुनी तोफ साफ करताना आत गोळा आणि दारू सापडली. ती तोफ १७८० साली बुडालेल्या हुसार ह्या ब्रिटिश जहाजावरची होती. कित्येक वर्षे लोक तिच्याशेजारून जात-येत होते!

तेव्हा मंडळी, गावच्या घरी अशी एखादी बंदूक भिंतीवर किंवा माळ्यावर असेल तर ती भरलेली आहे असेच समजा. तोंड कोणाकडे करू नका, नळीत डोकावू नका, "नळी फुंकली सोनारे" म्हणत तोंडाने फुंकून तर मुळीच पाहू नका. बार स्वतः काढायचा प्रयत्न नको. ठोकणे नको, भोक पाडणे नको, विस्तवाजवळ नेणे नको. परवानाधारक कारागीर किंवा पोलीस ह्यांनाच दाखवा आणि परवान्याचे कागद ह्याच सुट्टीत मार्गी लावा. शोभेची म्हणून बंदूक, दारूचे शिंग, केपा किंवा गोळ्या ह्यांपैकी काहीही सामानात घालून इकडे आणण्याचा विचारसुद्धा करू नका. बंदूक परवान्यात असेल आणि वापरात असेल, तर आजोबांचा क्रम लक्षात ठेवा. आधी कढत पाणी, मग कोरडे, मग तेल.

आमची बंदूक रिकामी होऊन रीतसर जमा झाली. कारागीर काकांना म्हणाला की नळी आतून अजून स्वच्छ आहे, फक्त जेथे तो शेवटचा बार बसला होता तेथे चार बोटे गंज आहे.

भाचीला मी हे सगळे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "म्हणजे आजोबांनी त्या दिवशी पाणी तापवायला सांगितले नाही म्हणून?"

हो, म्हणूनच.